पाव-पाव सरपंच

लोकशाहीत निवडणूक कोण जिंकतो याला फारसं महत्त्व नसतं. ती अमुक जिंकला असं सांगतो कोण, याला असतं. ज्याला हे कळलं तो पुढारी होतो आणि ज्याला कळत नाही त्याला मतदार म्हणतात.

आता ग्रामपंचायतीचंच घ्या. कायद्याप्रमाणे ही निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. यंत्रावर कपबशी असते, छत्री असते, कंगवा असतो, पण पक्ष नसतो. सबब, ग्रामपंचायतीच्या निकालात पक्षनिहाय बलाबल किती, तर शून्य. तरीही निकालाच्या संध्याकाळी पक्षनिहाय आकडे झळकतात आणि प्रत्येक पक्ष एक नंबरवर असतो. परवाच्या खेपेस आमच्या तालुक्यात अडतीस ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि दिवस मावळेपर्यंत चार पक्षांनी मिळून त्यातल्या एक्क्याण्णव जिंकल्या. (उरलेली त्रेपन्न गावं कुठल्या हद्दीत येतात, असं तलाठ्यांना लेखी विचारलं आहे. ते रजेवर आहेत.)

अशा धामधुमीत ज्या एका गावाने निकाल निःपक्षपणे लावला, त्या चिंचखेडीचा मी रहिवासी आहे. नुसता रहिवासी नाही, तो निकाल ज्या फळ्यावर लागला त्या फळ्याचा मी चिटणीस. माझं नाव शामकांत. शाळेतून निवृत्त झालो तरी गाव अजून मास्तरच म्हणतं.

संगमनेरहून अकोल्याकडे निघालात की वाटेत आमचा फाटा लागतो. फाट्यावर ज्ञानवर्धिनी वाचनालय आहे आणि वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर वार्ताफलक. वाचनालयात सहसा कोणी येत नाही, पण फळा वाचल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. मोबाईलवर येतं ते खरं असो-नसो, फळ्यावर लिहिलंय म्हणजे खरं, ही आमच्याकडची श्रद्धा आहे. शाळेत फळ्यापायी जो मार खाल्ला, तो वाया गेला असं कोणाला वाटून घ्यायचं नसतं.

या श्रद्धेमुळेच मागच्या निवडणुकीत घोळ झाला. जो आधी पोचला त्याने आपला निकाल लिहिला, दुसऱ्याने तो पुसून आपला लिहिला, तिसऱ्याने डस्टर पळवलं आणि चौथ्याने फळाच पळवला. तो पुढे पाच वर्षं त्याच्या गोठ्याचं दार म्हणून लागला होता. गाईंना निकाल तोंडपाठ झाला, गावाला शेवटपर्यंत कळला नाही. म्हणून या वेळी ग्रामसभेने एकमताने ठराव केला की, 'निकाल निःपक्ष लावण्यात यावा व त्यासाठी समिती नेमण्यात यावी.'

इथे एक खुलासा. चार पक्षांची खरी नावं मी घेणार नाही. घेतली, तर कुठल्या क्रमाने घेतली यावरून उद्या माझ्या ओट्यावर चार बैठका होतील. नंबर द्यावेत, तर एक नंबर कोणाला? अ, ब, क, ड म्हणावं, तर ड तुकडीत बसायला आजवर कोण राजी झालंय? दिशा वाटून पाहिल्या. दक्षिण यमाची म्हणून कोणी घेईना. शेवटी ज्यांची बैठक जिथे भरते तेच त्यांचं नाव ठरलं : सलूनवाले, डेअरीवाले, टपरीवाले आणि पारवाले. (सलूनवाल्यांना पहिला मान मिळाला म्हणून कोणी मनाला लावून घेऊ नये. पुढच्या वेळी सुरुवात डेअरीपासून होईल. मी मोजतो आहे.)

समितीत यायची अट एकच होती. ज्याने डेअरीला दूध घातलेलं नाही, टपरीवर चहा घेतलेला नाही, पारावर बूड टेकलेलं नाही आणि सलूनमध्ये दाढी केलेली नाही, तो निःपक्ष. अडीच हजार वस्तीच्या गावात असे तीन निघाले. पहिले उत्तमराव. महसुलात जन्म घालवून आता गुडघ्यांमुळे घरात बसलेले. कुठेच जाता येत नसल्यामुळे ते आपोआप अध्यक्ष झाले. दुसरा सहादेव पेंटर. त्याने चारही पक्षांचे बोर्ड रंगवले होते आणि चौघांनीही पैशांसाठी त्याला सारखंच टोलवलं होतं. त्याचा राग चौघांवर काटेकोर समान होता. निःपक्षपणाचं इतकं शुद्ध उदाहरण समितीच्या पाहण्यात दुसरं नव्हतं. तिसरा मी. दाढी घरी करतो, चहा इंदूच्या हातचा घेतो. इंदू म्हणजे आमची मंडळी. तिचं या समितीबद्दल वेगळं मत आहे, पण ती सभासद नाही.

समितीने पहिल्या बैठकीत खडूचा प्रश्न हाती घेतला. भगवा, हिरवा, निळा, पिवळा, गुलाबी, हे सगळे कोणाच्या ना कोणाच्या नावावर लागलेले. पांढरा घ्यावा, तर तो टोपीचा म्हणून हरकत आली. तेव्हा पांढरा खडू चहात बुडवून मातकट करावा असं ठरलं. टपरीच्या चहात बुडवला असता तर पुन्हा पक्षपात, म्हणून चहा इंदूचा घेतला. पाव डझन खडूंनी चार कप चहा प्यायला. इंदू म्हणाली, पाहुण्यांपेक्षा बरे, साखर कमी झाली म्हणत नाहीत.

मग शब्द. 'विजयी' म्हटलं की दुसरा पडला हे सांगितल्यासारखं होतं, म्हणून 'निवडून आलेले' आणि 'निवडून न आलेले, परंतु उभे राहिलेले' असे दोन प्रकार केले. दणदणीत, निसटता, घवघवीत ही विशेषणं रद्द केली. मर्दुमकीचे वाक्प्रचार तर समितीने मुळासकट काढले : गड राखला, सुरुंग लावला, धूळ चारली, आस्मान दाखवलं, पाणी पाजलं. ('पाणी पाजलं' हा शब्द पुढे समितीच्या अंगाशी येणार आहे, एवढं लक्षात असू द्या.)

राहिला क्रम. फळ्यावर कोणीतरी वर येणार आणि कोणीतरी खाली जाणार, हा फळ्याचा मूळचाच दोष आहे. यावर तोडगा मी काढला, सांगताना संकोच वाटतो पण मीच काढला. चारही नावं फळ्याच्या चार कडांना लिहायची आणि फळा मधोमध एका खिळ्यावर टांगून दर तासाला पाव वळसा फिरवायचा. म्हणजे चार तासांत प्रत्येक पक्ष एकेकदा वर, एकेकदा खाली आणि दोनदा आडवा. सहादेवने विचारलं की उलटी अक्षरं लोक वाचणार कशी. मी म्हटलं, मान वाकडी करून. राजकारण समजून घ्यायचं तर नागरिकाने थोडे कष्ट घ्यायला हवेत.

शेवटी चेहऱ्याचा नियम. निकाल लिहिताना समिती सभासदाच्या चेहऱ्यावर आनंद, दुःख अगर सुटका यांपैकी काही दिसू नये. नमुना म्हणून, ऐन जेवणात लाइट गेल्यावर माणूस जसा बसून राहतो तो चेहरा मुक्रर केला. उत्तमरावांना तो लगेच जमला. सहादेवचा मूळचाच तसा होता.

एवढी जय्यत तयारी झाली आणि निकाल असा लागला की समितीची झोप उडाली.

सरपंचपदाला पाच जण उभे होते. चार पक्षांचे चार पॅनेल (ग्रामविकास, गावविकास, विकासग्राम आणि परिवर्तन ग्रामविकास; कोणाचं कुठलं ते त्यांनाही प्रचारात दोनदा विचारावं लागलं) आणि पाचव्या भागिरथीबाई. भागिरथीबाई विहारामागच्या वस्तीतल्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांनी गावातली निम्मी पोरं कडेवर खेळवलेली, चारही पक्षांचे कार्यकर्ते धरून. पॅनेल नाही, गाडी नाही, भोंगा नाही. चिन्ह कंगवा. प्रचारात त्या घरोघर एवढंच बोलल्या : "मी कुनाची न्हाई. वस्तीवर पानी आनीन, न्हाईतर पुन्यांदा तोंड दावनार न्हाई."

या पाण्याची हकिकत सांगितली पाहिजे. गावची नळाची लाइन टाकीपासून फाट्यापर्यंत येते आणि तिथे थांबते. पुढे वस्तीपर्यंत किलोमीटरभर अंतर आहे आणि त्या किलोमीटरभरात बांध आहेत चौघांचे. चौघे म्हणजे चार पक्षांचे चार अध्यक्ष. ते एकमेकांचे मेहुणे, साडू, व्याही आणि मामेभाऊ लागतात, कोपरगावच्या लग्नात एका पंगतीला बसतात, पण बांधावरून पाइप जाऊ द्यायचा म्हटलं की तत्त्वाचा प्रश्न येतो. एकाने पाइप आणला की बाकीचे तिघे आपला बांध अडवायचे, कारण पाणी आलं असतं तर श्रेय गेलं असतं. दर निवडणुकीआधी कोणीतरी वस्तीवर पाइप उतरवायचं, नारळ फोडायचं, फोटो काढायचं आणि निकालानंतर पाइप उचलून आपल्या शेडमध्ये नेऊन ठेवायचं. वस्तीतल्या बायका हंडे घेऊन कॅनॉलला जायच्या त्या जायच्याच. पाइप मात्र चारही शेडमध्ये गावाला पुरून उरतील इतके साठले होते.

भागिरथीबाई निवडून आल्या. फाट्यावर बातमी पोचली आणि पाऊण तासात चार पक्षांनी चार फलक लावले. चारहींवर फोटो भागिरथीबाईंचा आणि मजकूर 'आमच्या पक्षाच्या सरपंच' असा. त्यांच्याविरुद्ध ज्यांनी महिनाभर घसा फोडला तेच आता सांगत होते की आम्ही आतून बाईंचंच काम करत होतो. आपला उमेदवार पाडणं हा डावपेचाचा भाग होता म्हणे. (आतून काम करणाऱ्यांची एकूण मतं मोजली तर ती मतदारयादीपेक्षा चारशेने जास्त भरतात. समितीने पडताळा घेतला आहे.)

हरेकाने पुरावाही दिला. टपरीवाले म्हणाले, बाईंनी अर्ज भरायच्या दिवशी आमच्या टपरीवर अर्धा कप चहा घेतला. पारवाले म्हणाले, वस्तीकडे जायची पायवाट पाराला वळसा घालून जाते, म्हणजे बाई रोज आमच्यातूनच येतात-जातात. सलूनवाल्यांना तर पुराव्याची गरजच नव्हती. कंगवा कोणाचा असतो? डेअरीवाले म्हणाले, बाईंची एक गाय आहे आणि ती आमच्या विचारांची आहे. चौघांचीही मागणी एकच की फळ्यावर बाईंचं नाव आमच्या कडेला लिहावं.

संध्याकाळी भागिरथीबाई स्वतः वाचनालयात आल्या. अंगावर गुलाल होता, पण चेहरा काळजीचा. त्यांनी खुर्ची घेतली नाही.

"मास्तर, फळ्यावर लिवा, मी कुनाचीच न्हाई. एवडं एकच लिवा."

मी म्हटलं, बाई, समिती विचार करील.

"इचार कसला? एकाची म्हनून लिवलं, तर बाकीचे तिघं बांध आडवत्यात. पानी ऱ्हातंय मग. दोनशे बायांनी त्या पान्यापायी बटन दाबलंय."

मला त्यांचं म्हणणं तंतोतंत पटलं, पण पटणं हा पक्षपातच की. त्यामुळे मी लाइट गेल्याचा चेहरा केला आणि बैठक बोलावली.

बैठक उत्तमरावांच्या पलंगापाशी झाली. समितीची अडचण अशी : 'कुणाचीच नाही' असं लिहावं, तर चारही पक्ष खोटं बोलतात असं समितीने म्हटल्यासारखं होतं. एकाच्या विरुद्ध बोलणं पक्षपात असेल, तर चौघांच्या विरुद्ध बोलणं चौपट पक्षपात. 'अपक्ष' लिहावं, तर कायद्याने पाचही जण अपक्षच. एकट्या बाईंना अपक्ष म्हटलं तर बाकीचे पक्षाचे ठरतात आणि कायदा मोडतो. 'चौघांच्या' असं लिहावं, तर चार सरपंच होतात आणि खुर्ची एकच आहे. सहादेव म्हणाला की खरं काय ते लिहून मोकळं व्हावं. त्याला समजावून सांगावं लागलं की खरं आणि निःपक्ष या दोन वेगळ्या गोष्टी असून ठरावात फक्त दुसरीचा उल्लेख आहे.

मार्ग उत्तमरावांना सुचला. सातबाऱ्यावर चार भाऊ भांडायला लागले की महसूल खातं काय करतं? कोणाचं खरं हे पाहत बसत नाही. चौघांची नावं लावतं आणि पुढे हिस्सा लिहितं. सबब ठराव झाला की, 'सदर सरपंच चारही पक्षांच्या सामाईक समजण्यात येऊन प्रत्येकाच्या नावे पाव हिस्सा लावण्यात यावा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी सहादेवने मातकट खडूने मधोमध लिहिलं 'सरपंच : भागिरथीबाई' आणि चारही कडांना चार पक्षांच्या नावांपुढे एकाच मापाच्या अक्षरात : पाव, पाव, पाव, पाव. खाली मी बेरीज मांडली. पाव अधिक पाव अधिक पाव अधिक पाव, एकूण एक. अडतीस गावांच्या तालुक्यात पक्षनिहाय बेरीज जुळलेलं चिंचखेडी हे एकमेव गाव ठरलं. मला इतका अभिमान वाटला की चेहऱ्याचा नियम पाळताना गाल दुखले.

चारही पक्षांनी हरकत घ्यायचा प्रयत्न केला, पण घेणार काय? पाव नको म्हणावं, तर उरलेलाही जातो. पूर्ण हवा म्हणावं, तर तिघांशी भांडण. शिवाय प्रत्येकाला मनातून माहीत होतं की आपला खरा हिस्सा शून्य आहे, आणि शून्यापेक्षा पाव बराच मोठा आकडा आहे. चौघांनीही फळ्यासमोर उभं राहून, फळा आपली बाजू वर येईल त्या तासाला, फोटो काढून घेतले.

भागिरथीबाई आल्या तेव्हा फळा उलटा होता. त्यांनी पदर सावरला, मान वाकडी केली आणि सावकाश वाचलं. पुन्हा वाचलं.

"मंजी मी पाव-पाव हाय व्हय, मास्तर?"

मी त्यांना सातबाऱ्याचा दाखला दिला. बेरीज दाखवली. पावाला पाव जुळल्याचं सांगितलं. माझ्याकडे त्यांनी जसं पाहिलं, तसं शाळेतल्या माझ्या तीस वर्षांत कोणा पोराच्या आईने पाहिलं नव्हतं. मग त्या वस्तीकडे निघून गेल्या.

घरी इंदूला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पंगतीत चौघांना अगदी सारखं वाढलंत. पण काय वाढलंत ते बघितलंत का?" मी म्हटलं, हा भावनेचा मुद्दा आहे, पद्धतीचा नाही. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि त्या दिवशी मला दूध न घातलेला चहा मिळाला. (दूध डेअरीवाल्यांच्या बाजूचं म्हणून.)

पुढच्या आठवड्यात नव्या सरपंचांची पहिली ग्रामसभा भरली. ग्रामसेवकाने विषयपत्रिका वाचायला घेतली, तर भागिरथीबाई म्हणाल्या, आधी फळा आणा. फळा आणला. चौघे अध्यक्ष पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीत, शेजारी शेजारी बसलेले. बाईंनी आवाज चढवला नाही. अंगणवाडीत पोरांना खाऊ वाटताना विचारतात त्या सुरात त्यांनी विचारलं की फळ्यावर लिहिलंय ते खरं की खोटं. खोटं म्हणणाऱ्याने हात वर करावा.

एकही हात वर झाला नाही. खोटं म्हणणाऱ्याचा पाव तिथल्या तिथे गेला असता.

"मंजी खरं हाय. मी तुमा चौघांची हाय, पाव-पाव. ब्येस. आता मला सांगा, जी आपली हाय तिला तहानलेली कोन ठेवतं का? तवा आपापल्या पावाला आपापलं पानी पाजा."

सभेत कोणाला काही कळेना. बाईंनी उलगडून सांगितलं. वस्तीपर्यंत किलोमीटरभर वाट आहे आणि तिच्यावर चार बांध आहेत. प्रत्येकाने आपल्या बांधावर आपल्या शेडमधले पाइप आपल्या हाताने टाकायचे. दुसऱ्याच्या बांधाला हात लावायचा नाही, दुसऱ्याचं श्रेय घ्यायचं नाही. पावाला पाव.

"आन ज्याचा बांध कोरडा ऱ्हाईल, त्याचा पाव मास्तरांनी पुसावा आन बाकीच्या तिघांत वाटावा. मास्तर, बेरीज जुळंल न्हवं?"

मी हिशेब केला. एक तृतीयांश, एक तृतीयांश, एक तृतीयांश, एकूण एक. जुळत होती. समितीला हरकत घ्यायला जागाच नव्हती. सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं, आणि मी फळ्याचं डस्टर हातात घेऊन उभा राहिलो, एवढंच माझं त्या दिवसाचं काम. पहिल्या रांगेतले चौघे मात्र माझ्याकडे नाही, डस्टरकडे पाहत होते.

वीस वर्षं जे झालं नव्हतं ते आठवड्यात झालं. दुसऱ्याच सकाळी चार शेडची दारं उघडली. पारवाल्यांनी आपल्या बांधावर चर खणायला घेतला म्हणून सलूनवाल्यांनी जेसीबी लावला, सलूनवाल्यांनी जेसीबी लावला म्हणून डेअरीवाल्यांनी दूध संकलन थांबवून माणसं लावली आणि टपरीवाल्यांनी आपला पाव अखेरचा म्हणून वस्तीच्या टोकाला नळासकट ओटा बांधून दिला. (इथे क्रम पारापासून घेतला आहे. चार वेळा नावं घेतली, चौघांना एकेकदा पहिला मान मिळाला. कोणाची बाकी राहिलेली नाही.)

पाणी आलं त्या दिवशी समिती मोजमापासाठी हजर होती. उत्तमरावांना खुर्चीसकट नेलं. आधी नळाने नुसती हवा सोडली, मग गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. भागिरथीबाईंनी धारेखाली हात धरला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग पदराने डोळे पुसले आणि बायांना हाका मारायला लागल्या, "या गं, हंडे आना, रिकामे आना." त्या हाकेने मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. चेहरा नियमाप्रमाणे ठेवायचा राहून गेला. उत्तमरावांचाही राहिला. सहादेवचा नेहमीसारखाच होता, पण तो दोन वेळा पाणी प्यायला.

आणि इथेच समिती अडचणीत आली. बातमी फळ्यावर लिहिणं भाग होतं. सहादेवने सरळ लिहायला घेतलं : 'सरपंचांनी चारही पक्षांना पाणी पाजायला लावले.' घाईत मधली 'ायला लाव' एवढी अक्षरं लिहायची राहून गेली. फळ्यावर उरलं ते : 'सरपंचांनी चारही पक्षांना पाणी पाजले.' गावाने मान वाकडी करून वाचलं आणि फाटा खदखदून हसला. चौघे अध्यक्ष समितीकडे आले. बंदी घातलेला शब्द समितीनेच वापरला, हा निःपक्षपणाचा भंग आहे, असं त्यांचं म्हणणं. वीस वर्षांत चौघे एका मुद्द्यावर पहिल्यांदाच एक झाले होते. समितीने फेरविचार करून निर्णय दिला की सदर वाक्यातील पाणी हे नळाचे असल्याने वाक्य राहू द्यावे. ते अजून आहे.

आता या हकिकतीचा शेवट, आणि तुमच्याशी थोडं काम.

चार शेडमधले पाइप चार वेगवेगळ्या निवडणुकांतले होते, त्यामुळे मापं वेगवेगळी निघाली. सांधे जुळवून बसवले, पाणी वस्तीवर रोज येतं, बायका कॅनॉलला जात नाहीत. फक्त एका बांधापाशी सांधा थोडा गळतो. तिथे आता गवत उगवलंय आणि भागिरथीबाईंची गाय चरते. तो सांधा कोणाच्या पाइपामुळे गळतो, यावर फाट्यावर रोज चर्चा होते. लोक समितीला विचारतात. समितीला ते ठाऊक आहे. पण समितीने फळ्यावर दोनच शब्द लिहिले आहेत : 'सांधा गळतो.' याहून निःपक्ष लिहिता येत नाही.

तुम्हीही मघापासून तेच विचारताय, मला ऐकू येतंय. या कथेत मी एकाही पक्षाचं नाव घेतलेलं नाही, रंग सांगितलेला नाही, चारही नावांना सारखा मान दिला. तरी सलूनवाले म्हणजे कोण, डेअरीवाले म्हणजे कोण, हे तुम्ही सहाव्या-सातव्या परिच्छेदातच ठरवून टाकलंत. फळा गोठ्याला कोणी लावला तेही ठरवलंत. आणि गळका पाइप कोणाचा, हे तर मी न सांगताच तुम्हाला पक्कं माहीत आहे. कधी चिंचखेडीला आलात तर फळा जरूर पाहा. आम्ही तो अजून दर तासाला पाव वळसा फिरवतो, पण तुम्हाला मान वाकडी करायचे कष्ट पडणार नाहीत. ती तुम्ही घरूनच एका बाजूला वाकडी करून आणलेली असेल.